दूध वाढले; नफा कोणाचा?

(मेंढीच्या दुधाच्या व्यवसायासंबंधी अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



२०१९ च्या फेब्रुवारी महिन्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावर मेंढपाळांनी आपले दूध रस्त्यावर ओतले. कॅनच्या कॅन उपडे झाले, दुधाचे टँकर अडवले गेले. महाराष्ट्राला हे दृश्य अपरिचित नाही. २०१८ च्या जुलैत इथल्या गाई-म्हशींच्या दूध उत्पादकांनीही भावासाठी हाच मार्ग पत्करला होता. सार्डिनियातील दूध मात्र मेंढीचे होते. लिटरला साठ सेंटच्या आसपास भाव मिळत होता आणि त्यात उत्पादनखर्चही भरून निघत नव्हता. मेंढपाळांची मागणी एक युरोची, म्हणजे शंभर सेंटची होती.

या मेंढपाळांना मागासलेले म्हणता येणार नाही. सुमारे सोळा लाख माणसांच्या या बेटावर तीस लाखांच्या घरात मेंढ्या आहेत. तिथली सार्डा मेंढी दुधाळ जातींत गणली जाते. त्यांच्या दुधापासून होणारे पेकोरिनो रोमानो हे चीज अमेरिकेपर्यंत जाते. दूध कमी पडले म्हणून हे संकट आलेले नव्हते. दूध भरपूर होते, म्हणून ते आले होते.

मेंढीपालनात दूध कसे वाढवावे आणि धंदा किफायतशीर कसा करावा, हे प्रश्न नेहमी एकाच दमात विचारले जातात. पशुवैद्यकाची पुस्तके, सरकारी पत्रके आणि खुराक विकणाऱ्या कंपन्या यांच्या लेखी ते एकच आहेत : दूध वाढले की नफा वाढला. वस्तुतः हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कासेत, चाऱ्यात आणि वंशात शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर भाव कोण ठरवतो, यात दडलेले आहे. आणि दोन्ही प्रश्नांचा थोडा खोल विचार केला, तर एकटा मेंढपाळ यांपैकी कोणताही पूर्णपणे सोडवू शकत नाही, असेच दिसून येते.

प्रथम दुधाविषयी. गाईच्या दुधात घनांश साधारणपणे बारा-तेरा टक्के असतो. मेंढीच्या दुधात तो सतरा ते एकोणीस टक्क्यांपर्यंत जातो. स्निग्धांश आणि प्रथिने दोन्ही अधिक असल्यामुळे हे दूध मुख्यतः चीजसाठी वापरले जाते. साधारण सहा लिटर दुधातून एक किलो पेकोरिनो तयार होते. याचे दोन अर्थ होतात. एक, केवळ लिटर मोजून भागत नाही. पातळ दुधाचे दोन लिटर वाढले आणि घनांश घटला, तर हाती फारसे काही लागत नाही. दुसरा अर्थ आर्थिक आहे. मेंढपाळाचे गिऱ्हाईक म्हणजे घरोघरची माणसे नव्हेत, तर मोजके चीज-कारखाने. विकणारे हजारो आणि घेणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यात माल नाशवंत. अशा बाजारात सौदाशक्ती कोणाच्या बाजूला असणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तरीही मेंढपाळाच्या स्वतःच्या हाती असलेल्या गोष्टी कमी लेखू नयेत. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. गर्भाची दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि दूध निर्माण करणाऱ्या कासेतील पेशीसमूहाचीही बरीच वाढ याच काळात होते. ज्या मेंढीची या दीड महिन्यात उपासमार झाली, तिला व्याल्यानंतर कितीही खुराक घातला तरी गेलेले दूध पूर्णपणे परत येत नाही. दुर्दैवाने हीच मेंढी भाकड समजून रुक्ष माळावर सोडली जाते आणि खुराकाचा खर्च दुधाच्या दिवसांसाठी राखून ठेवला जातो. व्याल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध शिगेला पोचते. त्या वेळी मेंढीची भूक दुधाच्या मानाने मागे असते, म्हणून ती अंगावरची चरबी झिजवून दूध देते. तिच्या अंगावर ती चरबी आधीच असली पाहिजे. पुढे कोकरे दुधावरून केव्हा तोडावीत, कास पूर्ण रिकामी होते की नाही, कासदाहाने एक बाजू निकामी झालेल्या मेंढ्या कळपात किती काळ ठेवाव्यात, पिण्याचे पाणी पुरेसे आहे की नाही, या सगळ्यांवर दुधाचे माप ठरते. यांतील बहुतेक सुधारणांना पैशापेक्षा नोंदवही अधिक लागते. कोणती मेंढी किती देते हे लिहून ठेवले नाही, तर कळपातील निम्म्या मेंढ्या उरलेल्या निम्म्यांच्या जिवावर जगत आहेत, हे कधी कळतच नाही.

परंतु नोंदवहीच्या पुढचे पाऊल वंशसुधारणेचे आहे आणि तिथे एकट्याची शक्ती संपते. कारण साधे आहे. मेंढा दूध देत नाही. त्याच्या अंगी दुधाचा गुण किती आहे, हे त्याच्या मुली विऊन दूध देऊ लागल्यावरच कळते. तोवर तीन-साडेतीन वर्षे लोटतात. शिवाय एकाच कळपातील मुली पाहून चालत नाही. त्या कळपाला चारा चांगला मिळाला असेल, तर त्याचे श्रेय भलत्याच मेंढ्याला जायचे. एका मेंढ्याच्या मुली अनेक कळपांत, अनेक शेतकऱ्यांकडे असाव्या लागतात, त्यांचे दूध एकाच पद्धतीने मोजावे लागते आणि तो हिशेब एका ठिकाणी जमवावा लागतो. दोनशे मेंढ्यांचा मालक हे काम जन्मभर करीत राहिला तरी करू शकणार नाही.

दक्षिण फ्रान्समधील रोकफोर परिसराने हे काम सामुदायिकरीत्या केले. कोंबालू डोंगराच्या पोटातील गारव्याच्या गुहांत मुरणारे निळ्या बुरशीचे रोकफोर चीज प्रसिद्ध आहे. ते केवळ लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधापासून करावे, असा नियम आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला या मेंढीचे विकाऊ दूध एका वेतात शंभर लिटरच्याही आत होते. १९६० च्या दशकात मेंढपाळांच्या संस्था आणि सरकारी कृषिसंशोधन संस्था यांनी मिळून निवडीची योजना आखली. साधारण एक-पंचमांश मेंढ्यांच्या कळपांत काटेकोर दूधमापन झाले, तरुण मेंढ्यांची परीक्षा झाली. त्यातून निवडलेल्या मेंढ्यांचे रेत आणि त्यांची संतती उरलेल्या चार-पंचमांश कळपांपर्यंत पोचवली गेली. मेंढीमध्ये गोठवलेले रेत फारसे फलदायी ठरत नाही. ताजे रेत त्याच दिवशी वापरावे लागते. म्हणून केंद्र, वाहतूक आणि कळपांचे वेळापत्रक हे सारे एकमेकांशी बांधलेले असावे लागते. शतक संपता संपता नोंदणीकृत कळपांतील सरासरी अडीचशे लिटरच्या पुढे गेली. पुढे दुधाच्या मापाबरोबर घनांश आणि कासेचे आरोग्य यांनाही निवडीत स्थान मिळाले. बाहेरची जात आयात करून हा चमत्कार घडलेला नाही. ती जुनीच गावठी मेंढी होती. नवे होते ते तिच्याभोवतीचे संघटन. आणि ज्यांच्या कळपात मापन होत नव्हते, त्यांनाही त्याचा लाभ मिळाला. ज्ञान ही सामाईक मालमत्ता केली, म्हणजे काय होते याचा हा धडा आहे.

आता दुसरा प्रश्न. समजा, एक मेंढी वेताला १५० लिटर देते आणि भाव लिटरला शंभर सेंट आहे. उत्पन्न १५० युरो. मेंढपाळाने मेहनत करून दूध १९० लिटरवर नेले. भाव तोच राहिला, तर उत्पन्न १९० युरो. जादा खुराकाचा खर्च वजा जाता त्याच्या पदरात काही तरी पडते. पण शेजाऱ्यानेही तेच केले आणि साऱ्या प्रदेशाने तेच केले, तर चीजचे ढीग गोदामात साचतात आणि भाव साठ सेंटवर येतो. मग १९० लिटरचे ११४ युरो होतात. दूध वाढले चाळीस लिटरने, उत्पन्न घटले छत्तीस युरोंनी, आणि खुराकाचे बिल वेगळेच. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा, पण सर्वांचा मिळून झालेला परिणाम आत्मघातकी. हा आकडा कल्पित असला तरी व्यवहार कल्पित नाही. सार्डिनियात हेच घडले. पेकोरिनो रोमानोचा घाऊक भाव २०१५ च्या सुमारास किलोला नऊ युरोंच्या आसपास होता. त्या भावाने सर्वांना भुलवले, उत्पादन वाढले आणि २०१८ पर्यंत भाव पार कोसळला. चीज गुहेत वा गोदामात थांबू शकते. दूध थांबू शकत नाही. म्हणून मंदीचा सारा भार दुधावर, म्हणजे मेंढपाळावर येऊन पडतो.

इथे समाजवादी कार्यकर्त्यांनी एका गोष्टीची विशेष नोंद घ्यावयास हवी. सार्डिनियात सहकार नव्हता असे नाही. बेटावरील दुधाचा मोठा भाग सहकारी संस्थांकडेच जात होता. पण या संस्था बव्हंशी एकच चीज करीत, ते त्याच व्यापाऱ्यांना विकत आणि माल साचला की एकमेकींपेक्षा कमी भावात देत. उत्पादनावर मर्यादा घालणारी व्यवस्था कागदावर होती. ती मोडणाऱ्यास पुरेसा धाक नव्हता. सहकाराचे नाव धारण केलेल्या पंचवीस संस्था बाजारात परस्परांच्या स्पर्धक म्हणून उतरल्या, तर सभासदाच्या दृष्टीने त्या पंचवीस व्यापाऱ्यांहून फारशा वेगळ्या राहत नाहीत. सहकार दूध गोळा करण्यापुरता असून भागत नाही. किती विकावयाचे आणि काय भावाने, या निर्णयापर्यंत तो पोचला पाहिजे. आंदोलनानंतर मार्चमध्ये तडजोड झाली, ती लिटरला सत्तर सेंटहून थोड्या अधिक भावाची. उरलेला हिशेब चीजच्या भावाशी जोडण्याचे ठरले. भाव एक युरोच्या वर गेला तो पुढे, २०२२ च्या सुमारास, बाजार फिरल्यावर.

रोकफोरमध्ये या बाबतीत वेगळा इतिहास घडला. १९२५ मध्ये फ्रेंच संसदेने कायदा करून रोकफोर या नावाला संरक्षण दिले. पण नाव कारखानदाराच्या हाती राहिले असते, तर मेंढपाळाला त्याचा काय लाभ? १९३० मध्ये दूध उत्पादक आणि चीज उत्पादक यांचे संयुक्त महामंडळ स्थापन झाले. त्यात दोन्ही बाजूंना समान स्थान होते. दुधाचा भाव दर वर्षी तिथे वाटाघाटीने ठरू लागला. १९८० च्या दशकात, वंशसुधारणेला यश येऊन दूध मागणीच्या पुढे गेले, तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याला दुधाचे प्रमाण ठरवून देण्यात आले. प्रमाणातील दुधाला पूर्ण भाव आणि त्यापलीकडच्या दुधाला उतरता भाव, अशी रचना झाली. म्हणजे ज्यांनी दूध वाढवण्याची योजना केली, त्यांनाच ते आवरण्याचीही योजना करावी लागली. सार्डिनिया आणि रोकफोर यांतील फरक मेंढीत नाही. तो इथे आहे.

तथापि दूध आणि भाव यांच्याही आधी जमीन आहे. रोकफोरचे दूध जिथून येते, त्या लार्झाकच्या पठारावर १९७१ मध्ये संकट आले. लष्करी तळ सुमारे तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढवण्याचे सरकारने जाहीर केले. पठार ओसाड आहे, तिथे थोड्या मेंढ्यांवाचून काही नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. १०९ शेतकऱ्यांपैकी १०३ जणांनी १९७२ च्या मार्चमध्ये शपथ घेतली की, कोणीही जमीन विकणार नाही. त्याच महिन्यात लांझा देल व्हास्तो यांनी तिथे पंधरा दिवसांचे उपोषण केले. हे इटालियन गृहस्थ १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींजवळ राहून गेले होते. गांधीजींनी त्यांना शांतिदास हे नाव दिले होते. १९५४ मध्ये ते विनोबांच्या भूदान पदयात्रेतही चालले होते. वर्ध्याचे बीज फ्रान्सच्या माळावर असे उगवले. शेतकऱ्यांनी अहिंसा हे लढ्याचे व्रत मानले. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये साठेक मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली सोडण्यात आल्या. परवाना नसताना सामुदायिक श्रमांतून दगडी मेंढवाडा बांधला गेला. त्यासाठी सहानुभूतीदारांनी आपल्या करातील तीन टक्के रक्कम सरकारला न देता लढ्याकडे वळवली. १९७३ च्या मेळाव्यास लिप घड्याळ कारखान्याचे झुंजणारे कामगार आले आणि शेतकरी-कामगार एकजुटीच्या घोषणेला प्रत्यक्ष रूप मिळाले. १९७८ मध्ये शेतकरी पॅरिसपर्यंत पायी गेले. अखेर १९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर विस्ताराची योजना रद्द झाली.

लढा जिंकणाऱ्यांपुढील खरी कसोटी यानंतर लागली. लष्करासाठी सरकारने आधीच खरेदी केलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन होती. ती तुकडे करून वाटून घेता आली असती. शेतकऱ्यांनी तसे केले नाही. १९८५ मध्ये ती जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने त्यांच्या सामाईक संस्थेकडे आली. जो राबेल त्याने निवृत्तीपर्यंत कसावी आणि नंतर ती नव्या तरुण कुटुंबाकडे जावी, असा दंडक त्यांनी घातला. जमिनीच्या खरेदीसाठी कर्ज काढावे लागले नाही. मेंढपाळीच्या नफ्याचा हिशेब करताना हा मुद्दा बहुधा विसरला जातो. जमिनीचा हप्ता नसलेला कळप कमी दुधावरही तगतो आणि कर्जाखाली दबलेला कळप विक्रमी दुधावरही बुडतो. पुढे १९९६ मध्ये या पठारावरील काही उत्पादकांनी स्वतःची चीज तयार करणारी संस्था काढली, ती ठरवून दिलेल्या प्रमाणाबाहेरच्या दुधाला आपल्याच हातांनी किंमत मिळवून देण्यासाठी.

रोकफोर हे काही नंदनवन नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिथली सर्वांत मोठी चीज कंपनी १९९० च्या दशकात लाक्तालिस या बड्या दूध उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. त्या कंपनीने २०१९ मध्ये रोकफोरसारखेच दिसणारे, पण रोकफोरच्या नियमांत न बसणारे मेंढीचे निळे चीज बाजारात आणले, तेव्हा नावाच्या संरक्षणाला आतूनच खिंड पडत असल्याची टीका झाली. परकीय धोरणाचाही फटका बसतो. १९९९ मध्ये युरोपने संप्रेरके वापरलेल्या अमेरिकी गोमांसावर बंदी चालू ठेवली, म्हणून अमेरिकेने रोकफोरवर शंभर टक्के जकात बसवली. गोमांसाच्या तंट्याचा दंड मेंढपाळांनी भरावयाचा, असा हा न्याय. त्याच वर्षी मियो गावी मॅकडोनाल्ड्सच्या बांधकामाची मोडतोड करून शेतकऱ्यांनी उत्तर दिले. त्यांचे पुढारी जोझे बोव्हे हे लार्झाकचे मेंढपाळ होते. तात्पर्य, मिळवलेली व्यवस्था दर पिढीला पुन्हा राखावी लागते.

या अनुभवातून महाराष्ट्राने काय घ्यावे? दुधाळ मेंढ्या आणून चीजचे कारखाने काढावेत, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. दख्खनी आणि माडग्याळ या इथल्या मेंढ्या मांसासाठी पाळल्या जातात. धनगरांचे वाडे शेतोशेती हिंडतात आणि शेतात मेंढ्या बसवून खताचा मोबदला घेतात. इथे मेंढीच्या दुधाचे खरे गिऱ्हाईक तिचे कोकरू आहे. पण म्हणून दुधाचा प्रश्न गौण ठरत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीमधील जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हा वाण तयार केला. जुळी झाली म्हणजे उत्पन्न वाढले, हे खरे. मात्र दोघांना पुरेल इतके दूध आईच्या कासेत असेल तरच. नाही तर एक कोकरू दगावते आणि दुसरे खुरटते. गाभण मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत पुरेसा चारा, ही गोष्ट फ्रान्सइतकीच माण आणि जतलाही लागू आहे.

आणि तो चारा कोठून यावा? गायराने आक्रसत आहेत, कुरणे बंद होत आहेत, वाटेवरच्या जुन्या मुक्कामांवर कुंपणे पडत आहेत. चराऊ जमिनीचा हक्क शाबूत नसताना सुधारित मेंढ्यांचे वाटप करणे म्हणजे रिकाम्या पोटाला नवा सदरा घालणे होय. भावाचेही तसेच. कोकराचा सौदा आजही वजनकाट्याऐवजी नजरेच्या अंदाजाने होतो आणि पावसाळ्यापूर्वी पैशाची निकड असलेला मेंढपाळ व्यापाऱ्याच्या अंदाजापुढे मान तुकवतो. वाड्यावाड्यांनी एकत्र येऊन वजनावर विक्री, कळपांची साधी नोंद, निवडलेल्या मेंढ्यांची अदलाबदल आणि चराईच्या वाटांची लेखी हमी या चार मागण्या हाती घेतल्या, तर त्यासाठी परदेशी तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागणार नाही. कार्यकर्त्यांना मात्र वाड्यांबरोबर चालावे लागेल, कारण हा समाज सभेला येण्यासाठी एका जागी थांबत नाही.

सार्डिनियाच्या रस्त्यावर वाहिलेले दूध मेंढ्यांनी कमी दिलेले नव्हते. त्यांनी आपले काम चोख केले होते. माणसांच्या वाट्याचे काम, म्हणजे ज्ञान, भाव आणि जमीन या तिन्हींवर उत्पादकांचा सामाईक ताबा आणणे, तेवढे अपुरे राहिले होते. ते काम मेंढीवर सोपवता येत नाही.